हिरव्या टॅगवर सही करणारा पाळक

ज्याला हसायचं असेल त्याने आधीच हसून घ्यावं. आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत परांच्या तपासणारा एक माणूस, शुक्रवारी अबुधाबीत चाळीस माणसांची उपासना घेणारा पाळक, तो महाराष्ट्रात आमदारकीला उभा राहिला. हसलात? आता ऐका.

नाव रोशन उजागरे. नगर जिल्ह्यातला, जन्माने मांग, विश्वासाने ख्रिस्ती. वय सत्तेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं रुवैसच्या उन्हात. लोखंडी पाइप आणि क्लॅम्प जोडून उंचावर उभं राहायला जो सांगाडा बांधतात ती परांची. ती बांधून झाली की रोशनदादा स्वतः वर चढतो, एकेका क्लॅम्पला हात लावतो, खाली येतो आणि शिडीपाशी हिरवा टॅग अडकवतो. टॅगवर तारीख आणि त्याची सही. टॅग लाल असला तर कोणीही वर पाय ठेवायचा नाही. एकदा प्लँट बंद ठेवून काम चाललं होतं, एकेक तास मोजला जात होता. मॅनेजर खालून ओरडला, "यल्ला हबीबी, साइन करो, खलास!" दादा म्हणाला, "सर, पहले चढूंगा." चढला. चौथ्या मजल्यावर एक फळी नुसतीच ठेवलेली होती, बांधलेली नव्हती. मॅनेजरने सॉरी म्हटलं नाही. दादानेही वाट पाहिली नाही.

पाळक म्हणजे पगारी नव्हे. जालना, संगमनेर, नगरकडचे गवंडी, ड्रायव्हर, आया, नर्सा यांनी मिळून त्याच्या डोक्यावर हात ठेवले आणि म्हणाले, तुम्हीच आमचे पाळक. चर्चच्या कंपाउंडमधली एक खोली, शुक्रवारी दुपारी दोन ते चार. त्यासाठी हा माणूस रुवैसहून तीन तास बसने येतो आणि तीन तास परत जातो.

मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. अबुधाबीत टायपिंग सेंटरमध्ये बसते. व्हिसाचे फॉर्म, करारनामे, मालकाविरुद्धच्या तक्रारी, सगळ्यांचं दुखणं माझ्या कीबोर्डावरून जातं. दादाची आणि माझी ओळखही एका फॉर्मवरूनच झाली. व्हिसाच्या फॉर्मात धर्माचा रकाना असतो. मी विचारलं, "रिलिजन?"

तो अडखळला. "शाळेच्या दाखल्यावर हिंदू आहे."

"दाखला नाही विचारला. तुमचा सांगा."

"ख्रिस्ती."

"मग एवढं घाबरता काय?" असं म्हणून मी टाइप केलं. तेव्हा मोठी शूर वाटले होते मी स्वतःला.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दादाची आई, ठकुबाई, गेली. दादा मिळेल त्या विमानाने गावी पोचला. सकाळी नऊला मयत निघालं. मांगवाड्याच्या दफनाच्या जागेवर सरपंच आडवा उभा. म्हणाला, "रोशन, तुम्ही ख्रिस्ती झालात. ही जागा आता तुमची नाही. तुमच्या चर्चची असेल तिथं न्या."

हाच सरपंच. याच्याच पुतण्याच्या लग्नात उजागरेंचं घर वेगळ्या पंगतीला बसवलं होतं. तेव्हा यांची जात बरोब्बर आठवली! जेवायला बसताना माणूस मांग आणि पुरायची वेळ आली की ख्रिस्ती. वा रे शहाण्यांनो.

शेजारच्या तालुक्याच्या गावात जुन्या मिशनची दफनभूमी आहे. वली नावाचा एक टेंपोवाला तयार झाला, त्याच्या टेंपोत ठकुबाईला ठेवून तिकडे नेलं. फाटकावर दफनभूमीचे सेक्रेटरी चष्मा लावून रजिस्टर घेऊन उभे. "नाव नाही यात. बाप्तिस्मा कुठं झाला?"

"कॅनॉलमध्ये. मीच दिला."

"कॅनॉलचं रजिस्टर आमच्याकडे नसतं, भाऊ."

आमदाराला फोन लावला. आमदार म्हणाला, "बघतो." दुपार टळली. वलीने टेंपो सावलीत घेतला, पुन्हा सावली सरकली तसा पुन्हा सरकवला. संध्याकाळी सहाला ठकुबाईला दादाच्या भावाच्या, भिवाच्या, शेताच्या बांधाला पुरलं. भिवाचा नांगर आता तिथं येऊन वळतो. आमदार अजून बघतोच आहे.

दादा परत आला तो वेगळाच होऊन. उपासनेच्या खोलीत राजकारण काढायचं नाही, हा इथला नियम आणि त्याचाही. म्हणून बाहेर पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधे उभं राहून त्याने सांगितलं, "मी विधानसभेला उभा राहणार. दफनाच्या जागेचा कायदा करून घेणार. कुणाच्या आईला फाटकावर रजिस्टर दाखवायचं नाही."

मग एक ड्रायव्हर म्हणाला, "पाळकसाहेब, आमदार झाल्यावर आधी इथल्या पार्किंगचं बघा." हशा झाला. दादाची बायको रंजिता, क्लिनिकमध्ये नर्स, ती मात्र हसली नाही. मुलगी सान्वी म्हणाली, "पप्पा, यू डोंट इव्हन लाइक द माइक!"

बातमी दुबईला पोचायला दोन दिवस लागले. तिथल्या करामा भागात मसाल्याचं दुकान चालवणारे नागेशराव एका पक्षाच्या परदेशी आघाडीचे अध्यक्ष. पक्षाचं नाव लिहीत नाही. तुमच्या मनातला कुठलाही घाला, फिट्ट बसेल. त्यांनी करामातल्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं. दादा, रंजिता आणि मी गेलो. मला बोलावलं नव्हतं, पण आजवर मी कुठं बोलावल्यावर गेले?

सुरमईचा तुकडा मोडत नागेशराव म्हणाले, "पास्टर, तुमचा मतदारसंघ राखीव. तुमचा दाखला हिंदू-मांग. जातभाईंची मतं आहेत, वर ख्रिस्ती मतं आहेत. वरच्यांशी बोललोय मी. तिकीट तुमचं. तुम्ही जिंकलात, लिहून देतो."

"आणि मी काय लिहून द्यायचं?" दादाने विचारलं. लोखंडात काम करणाऱ्याला कुठं ढिलं आहे ते आवाजावरून कळतं.

"काही नाही हो. एक ॲफिडेव्हिट. मी हिंदू आहे, कुठल्याही चर्चचा पाळक नाही. बस. फेसबुकवरचे ते पाण्यात बुडवायचे व्हिडिओ डिलीट. तीन महिने कपाळाला गंध. निवडून आलात की खुशाल आपली प्रार्थना करा, कोण बघतंय? सगळे करतात."

रंजिता म्हणाली, "यांच्या व्हिसावर ख्रिश्चन लिहिलंय."

"अरे देवा! कुठल्या गाढवाने लिहिलं?"

"या गाढविणीने," मी म्हटलं. "आणि नागेशराव, वाढताना जरा बघा, ताटात मासा कमी आणि काटे जास्त पडलेत."

कायदा काय म्हणतो ते वाचकांना माहीत असावं. अनुसूचित जातीचा माणूस हिंदू, शीख किंवा बौद्ध असेल तरच त्याची जात कागदावर टिकते. आम्हा बौद्धांनाही १९९० पर्यंत ताटकळत ठेवलं होतं. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले अजून ताटकळताहेत. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर पडलं की म्हणे जात धुऊन निघते. मग त्या सरपंचाला जाऊन सांगा ना! त्याच्या पंगतीत का नाही धुऊन निघाली? माझं डोकं आजही फिरतं. ज्या जातीमुळे पाणवठ्यावर अडवलं ती अंगावर तशीच, आणि तिच्यामुळे मिळणारी खुर्ची मात्र देवाच्या नावाने काढून घेतली. याला न्याय म्हणतात!

म्हणूनच परतताना बसमध्ये मीच म्हणाले, "दादा, सही करून टाका. कायदा खोटारडा आहे. खोटारड्याशी खरं बोलायची सक्ती आहे का?"

रंजिता म्हणाली, "संजनाताई बरोबर बोलतात. तुम्हाला आईंसाठी जागा पाहिजे ना? मग खुर्ची घ्या आणि जागा मिळवा. देवाला आतलं कळतं."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. "बघतो," म्हणाला, आणि स्वतःच दचकला. आमदाराचाच शब्द होता तो.

नागेशरावांनी मजकूर मोबाइलवर पाठवला. शनिवारी सकाळी दादा रुवैसहून आला. मी टाइप करून ठेवलं होतं, फक्त सही बाकी. सेंटरमध्ये बांगलादेशी, पठाण, केरळी, सगळे टोकन हातात घेऊन उभे. दादाने कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचू लागला. एकेका ओळीवर बोट टेकवत, जसा तो क्लॅम्पला हात लावतो. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "मी कोणत्याही चर्चचा पाळक नाही व ख्रिस्ती धर्माचे पालन करीत नाही."

"ताई," तो म्हणाला, "या कागदावर चढून मी विधानसभेत जाणार. तिथं उभा राहून म्हणणार, ख्रिस्ती मांगांना पुरायला जागा द्या. तेव्हा समोरचा हाच कागद वर धरेल. म्हणेल, कुठले ख्रिस्ती मांग? तूच लिहून दिलंस की तू ख्रिस्ती नाहीस. मग आईला अडवलं कशाला, हे मी कुठल्या तोंडाने विचारू?"

उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. म्हणून मी सगळ्या सेंटरसमोर ओरडले, "मग ठेवा आईला बांधावर! तुमचा सच्चेपणा चाटत बसा! जिंकणारी सीट घालवा!"

लोक बघायला लागले. एक पठाण म्हणाला, "बहनजी, आराम से." दादाने कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवला आणि वर पेपरवेट ठेवलं.

"मी चढलो या कागदावर," तो म्हणाला. "फळी बांधलेली नाही. याला मी हिरवा टॅग लावणार नाही."

मग विचारलं, "शेजारचा मतदारसंघ खुला आहे ना? मिशनची दफनभूमी आहे तो?"

"आहे. साखर कारखानदारांचं घरचं अंगण आहे ते. तिथं तुम्हाला कुत्रंही विचारणार नाही."

"नको विचारू दे. मी विचारीन त्यांना. टाइप करा, अपक्ष."

व्यवसायाच्या जागी त्याने लिहायला सांगितलं, 'पाळक व परांची तपासनीस'. वर म्हणाला, "जात मांग, धर्म ख्रिस्ती, हेही घाला."

"खुल्या जागेच्या फॉर्मात जातीधर्माचा रकाना नाही दादा."

"मग ॲफिडेव्हिटच्या शेवटी इतर माहितीत घाला. एका तरी सरकारी कागदावर दोन्ही शेजारी शेजारी असू देत."

वर्षाची साठवलेली रजा घेऊन तो गेला. अपक्षाला दहा सूचक लागतात. पहिली सही वली टेंपोवाल्याची. म्हणाला, "त्या दिवशी आठ तास सावली शोधत होतो मी. कुठं सही करू?" प्रचार तो काय? दादा, भिवा आणि वलीचा टेंपो. रोज संध्याकाळी मिशनच्या फाटकासमोर टेंपो उभा करायचा आणि माइकवरून एकच प्रश्न, "तुमच्या घरचं माणूस गेलं आणि फाटक बंद असलं, तर तुम्ही कुठं जाल?" माइक न आवडणारा माणूस! सेक्रेटरींनी पोलिसांत तक्रार दिली की दफनभूमीची शांतता भंग होते. जिवंत माणसाला दारात उभं करत नाहीत आणि मेलेल्यांच्या झोपेची यांना काळजी.

इकडे पार्किंगमध्ये लोक मागच्या मागे बोलू लागले. "पाळकाने राजकारण करावं का?" मंडळीतल्या ज्या भावाने हे सगळ्यात मोठ्याने विचारलं, त्याच्या मोबाइलवर नागेशरावांच्या आघाडीचा स्टेटस होता. मी त्याला काय म्हणाले ते इथं छापता येणार नाही.

निकाल लागला. दादाला दोन हजार नऊशे अकरा मतं. डिपॉझिट गेलं. राखीव सीटवर नागेशरावांच्या पक्षाचा दुसरा एक माणूस निवडून आला. त्याने तोच मजकूर सही करून दिला होता. त्याच्या घरावर दर नाताळला तारा लागतो, सगळा तालुका बघतो. मी त्या माणसाला शिव्या देत नाही. ज्या कायद्याने त्याला एवढं वाकवलं, त्याला देते. आणि नागेशरावांना, जे अशी वाकलेली माणसं शोधत फिरतात.

नागेशरावांनी मला फोन केला. "बघा संजनाताई, तुमच्या पाळकाने आमदारकी घालवली."

"उमेदवारांची ॲफिडेव्हिटं निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर असतात," मी म्हटलं. "उघडा आणि शेवटचं पान वाचा. कायद्याच्या हिशेबी ख्रिस्ती मांग नावाचा माणूसच नाही. मग हे दोन हजार नऊशे अकरा लोक कुणाला मत देऊन आले? भुताला?"

त्यांनी फोन ठेवला.

मागच्या शनिवारी दादा पुन्हा सेंटरमध्ये आला. रापलेला, हातावर ताजं खरचटलेलं. आता जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज. गावात ख्रिस्ती मातंगांसाठी दफनाची जागा द्यावी, पुरावा म्हणून सोबत स्वतःच्या ॲफिडेव्हिटची प्रत. खाली सह्यांसाठी नावं, पहिलं भिवाचं, दुसरं रंजिताचं. रंजिता सुट्टी काढून बरोबर आली होती.

मी प्रिंट काढला आणि पेन पुढे केलं. "करा सही दादा, मागे लाइन लागलीय."

"थांबा," तो म्हणाला. कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. मागचा टोकनवाला कुरकुरला, "कितना टाइम, भाई?"

मी त्याला म्हटलं, "जितना लगेगा उतना. बैठ जाओ."