दादा आत आला की हीटर विझायचा

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, लिहिलं मात्र कधी नाही. कारण सरळ आहे — मी यातलं काही मानत नाही. मी एसी-रेफ्रिजरेशनचा माणूस. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं. एवढ्या एका गोष्टीवर मी गल्फमध्ये आयुष्य काढलं. भूतबित आजही मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे...

नव्वदच्या दशकाची अखेर. मी अबु धाबीत एका मेंटेनन्स कंपनीत होतो. माझा सख्खा थोरला भाऊ, दादा, सर्व्हे इंजिनिअर. वहिनी आणि शाळेत जाणारी त्यांची मुलगी ऋचा अल ऐन शहरातल्या फ्लॅटमध्ये, आणि दादा तिथून तासाभराच्या अंतरावर, वाळवंटातल्या कॅम्पवर. भूजलाचा सर्व्हे चालू होता. गुरुवारी दुपारी घरी यायचा, शनिवारी पहाटे परत.

कॅम्पवर राहायला अमेरिकेतून आणलेले ट्रेलर होते. तिकडे लोक सुट्टीत गाडीमागे बांधून फिरतात, तसले. आत पलंग, ओटा, बाथरूम आणि गॅसवर चालणारी फर्नेस. आम्ही तिला हीटरच म्हणायचो. गल्फमध्ये हीटर म्हटलं की लोक हसतात, पण जानेवारीत वाळवंटात राहून बघा... वाळू दिवसाची ऊब काही जपून ठेवत नाही. हाडं गारठतात.

दादाचा फोन आला. ‘‘मन्या, हीटर त्रास देतोय रे. पेटतो आणि मध्येच विझतो. पंखा चालू राहतो, आणि अंगावर गार वारा.’’

‘‘अरे, वाळू गेली असेल बर्नरमध्ये. शुक्रवारी येतो, तूही घरून कॅम्पवर ये.’’

गेलो. साफसफाई केली, पेटवला... छान चालला. दादा बाहेर जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून बसला होता. ‘‘खलास, झालं तुझं काम,’’ म्हणालो आणि चहा पिऊन निघालो. दुसऱ्याच दिवशी फोन — परत बंद.

या धंद्यातल्या लोकांना कळेल, पूर्ण बंद पडलेलं मशीन परवडतं. मधूनच बंद पडणारं माणसाला वेडं करतं. तुम्ही समोर असताना ते कधीच बंद पडत नाही. मी थर्मोस्टॅट बदलला. पंख्याची हवा ओळखणारा स्विच बदलला. बॅटरीचं व्होल्टेज, गॅसचं प्रेशर, सगळं बरोबर. सर्किट बोर्ड बदलला. दोघांना हलायला जागा नाही म्हणून दादा बाहेर थांबायचा, आणि प्रत्येक वेळी मी असेपर्यंत झकास, आणि मग दादाचा फोन. सुरुवातीला तो हसून सांगायचा. मग हसणं गेलं.

एका शुक्रवारी सकाळी मी पॅनल उघडून आत बसलो होतो. आभाळ भरलेलं, वारा सुटलेला. बर्नरला एक छोटी काच असते, तिच्यातून निळी ज्योत दिसते. ती स्थिर जळत होती. दादा दार उघडून आत आला. ‘‘काही कळलं का?’’ म्हणाला, आणि ज्योत गेली.

माझ्या डोळ्यांदेखत. फडफडली नाही, लहान झाली नाही. गेली.

‘‘दाराचा वारा,’’ मी म्हणालो. म्हणालो खरं, पण मला माहीत होतं की या हीटरची ज्योत बंद पेटीत असते, तिला हवा बाहेरच्या नळीतून मिळते. खोलीतल्या वाऱ्याशी तिचा संबंधच नाही.

‘‘दादा, जरा बाहेर जा.’’

तो गेला. हीटर आपोआप पेटला. ‘‘ये.’’ आला. विझला.

मग मी कॅम्पचा ड्रायव्हर गुलभाई, त्याला बोलावलं. तो आत आला, पलंगावर बसला, दार उघडलं, लावलं. ज्योत ढिम्म हलली नाही. ‘‘क्या हुआ साहब?’’ तो विचारत राहिला. दादाला घड्याळ, किल्ल्या, स्वेटर, बूट सगळं काढायला लावलं. मोज्यांवर आत आला माझा भाऊ, हात थोडे वर धरून, एअरपोर्टवर झडती देतात तसा... विझला.

गुलभाई उठून बाहेर निघून गेला.

‘‘पुरे आता,’’ दादा म्हणाला. ‘‘यल्ला, चल, चहा घेऊ.’’ बूट घालून तो पुढे निघाला.

कॅम्प बॉस लेबनीज होता. त्याने हात झटकले — ‘‘हबीबी, चेंज द ट्रेलर, खलास!’’ ट्रेलर बदलला. नव्यातही तेच. आणि दादाच्या जुन्या ट्रेलरमध्ये जो फिलिपिनो सर्व्हेयर राहायला गेला त्याचा हीटर एकदाही बंद पडला नाही. विजेचा हीटर आणून पाहिला, तर कॅम्पच्या जनरेटरला तो झेपेना. शेवटी दादा दोन रजया पांघरून, कानटोपी घालून झोपायला लागला.

मीच त्याला अल ऐनला डॉक्टरकडे नेलं. काय सांगणार? थकवा येतो, म्हणून सांगितलं. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, थोडं चालत जा, गोड कमी करा.

परत येताना गाडीत त्याने काच वर केली. मग म्हणाला, ‘‘मन्या, एखादी गोष्ट आपल्याआधी त्यांना कळत असेल का रे?’’

‘‘कोणाला?’’

‘‘काही नाही. हीटरचंच डोक्यात आहे.’’

मी रेडिओ लावला. दुसरं काय करणार होतो...

फेब्रुवारीत, भर दुपारी, साइटवर चालता चालता दादा खाली बसला आणि आडवा झाला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. कागदपत्रं होईपर्यंतचे ते दिवस, ती विमानातली पेटी, पुण्यातलं स्मशान, यावर मला लिहिता येणार नाही.

तेरावं झाल्यावर पुण्यात वहिनी एकदा म्हणाल्या, ‘‘भावजी, यांनी शेवटी शेवटी देवाला निरांजन लावणं सोडलं होतं. माझ्या गॅसजवळही उभे राहायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, तूच लाव गं.’’

‘‘कधी विझलं होतं का?’’

‘‘माझ्यासमोर नाही.’’ मग म्हणाल्या, ‘‘एकटे असताना काय झालं असेल, मला काय माहीत?’’

परत गेल्यावर दादाचं सामान आणायला मी कॅम्पवर गेलो. त्याचा ट्रेलर तसाच कुलुपात होता. आत शिरलो, थर्मोस्टॅट फिरवला. पंखा, ठिणगी, ज्योत. सुंदर, निळी, स्थिर. मी सामान बाजूला ठेवलं आणि पॅनल उघडून काचेसमोर बसलो. दुपारभर बसलो. वायरी हलवल्या, दार आपटलं, पेटीवर बुक्क्या मारल्या. एकदा तरी विझ, म्हणत होतो. एकदा विझला असता तर फॉल्ट मशीनमध्ये आहे असं म्हणता आलं असतं. मग मी त्याचा नटबोल्ट न् नटबोल्ट खोलला असता, कारण शोधलं असतं, आणि दादा फक्त हार्ट अटॅकने गेला असता... ट्रेलरमध्ये इतकं गरम झालं की शर्ट अंगाला चिकटला. गुलभाईने दारातून हाक मारली, ‘‘साहब, बंद कर दो. बस.’’ त्यानेच आत येऊन बटण फिरवलं. मी लहान मुलासारखा रडत होतो.

ऋचा नंतर दुबईला नोकरीला आली, तिथल्या मरीना भागात राहते. तिला हे वहिनींकडून कळलं. मागे एकदा तिने मला थेट विचारलं, ‘‘काका, यू आर द इंजिनिअर. व्हॉट वॉज राँग विथ इट?’’

‘‘नथिंग,’’ मी म्हणालो. ‘‘हीटरमध्ये काही नव्हतं.’’

‘‘देन?’’

योगायोग म्हणावं तर ज्योत मी पाहिली आहे. संकेत म्हणावं तर मग आम्हाला तो कळूनही काय करता आलं? डॉक्टरकडे नेलं होतंच की. नुसता घाबरवणारा आणि वाचवता न येणारा संकेत कोण कशाला देईल?

तुमच्यापैकी कोणाला गॅस हीटरमधलं कळत असेल तर जरूर लिहा, मी प्रत्येक शब्द वाचेन. फक्त लूज कनेक्शन असेल, असं म्हणू नका. ते मी सगळ्यात आधी तपासलं होतं, आणि परत एकदा, दादा बाहेर वाऱ्यात मोज्यांवर उभा असताना.