एक्केचाळिसाव्या टक्क्याला

चौथ्यांदा मशीन बंद पडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि कॉपी एक्केचाळीस टक्क्यांवर होती. आधीच्या तिन्ही वेळीही एक्केचाळीसच.

"बघा कुंटेजी," जगदाळेकाका हळूच म्हणाले, "पुढे जाऊ देत नाहीत."

कोण, ते मी विचारलं नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात असा डेस्कटॉप नाही ज्याचं पोट मी दुरुस्तीला उघडलेलं नाही. एकात तर पालीने संसार थाटला होता, आणि तो बाकीच्यांपेक्षा फास्ट चालायचा. भुताखेतांना मी भीक घालत नाही. निदान त्या दुपारपर्यंत घालत नव्हतो.

कंपू मोहल्ल्यातल्या दोन खाजगी हॉस्पिटलांचं मर्जर झालं होतं. जुन्या हॉस्पिटलातल्या पेशंटांचं सगळं रेकॉर्ड या एका म्हाताऱ्या डेस्कटॉपवर, एकाच अगडबंब फाइलीत. ती नव्या सर्व्हरवर न्यायची. काम दोन तासांचं, पण मध्ये मशीन बंद पडलं की पुन्हा शून्यापासून. नव्या मॅनेजर सक्सेना मॅडमनी सकाळीच सुनावलं होतं, "छह बजे तक हो गया तो ठीक. नहीं तो मशीन कबाड़ में और रेकॉर्डरूम बंद."

रेकॉर्डरूम म्हणजे जगदाळेकाका. पणजोबा फौजेत घोड्यावर, काका बत्तीस वर्षं या खुर्चीवर. रेकॉर्डच नसेल तर रेकॉर्डकीपर कशाला हवा?

मशीन स्वतःहून बंद पडतं ते बहुतेक तापल्यामुळे. प्रोसेसर म्हणजे पेटलेली शेगडी. फार तापला की जीव वाचवायला सगळं बंद करतो. म्हणून डब्याला पंखे असतात. पुढचा गार हवा आत घेतो, मागचा गरम हवा बाहेर फेकतो. पुढे नाक, मागे धुराडं.

मी मशीन चालू केलं आणि धुराड्यामागे तळहात धरला. मे महिन्यातलं ग्वाल्हेर, गच्चीवर पापड ठेवला तर भाजून मिळतो. पण हाताला गरम झुळूक नाही. उलट वाटलं, कुणीतरी हात आत ओढतंय.

तेवढ्यात मागचा दिवा दिसला. मशीनच्या पाठीमागे फळीवर मोठ्या डॉक्टरसाहेबांचा हार घातलेला फोटो होता. जुनं हॉस्पिटल उभारणारे हेच. समोर निरांजन. खिडक्या बंद, दिव्यासाठी काकांनी छताचा पंखाही बंद ठेवलेला. आणि ज्योत मशीनकडे आडवी झालेली.

मी मशीन बंद केलं. ज्योत ताठ उभी राहिली. चालू केलं, पुन्हा वाकली. अगदी सावकाश, कुणी कानाशी काही सांगायला वाकावं तशी.

माझ्या दंडावरचे केस असे उभे राहिले की शर्टाची बाही वर सरकली.

डबा उघडला. आतून देवघराचा वास आला. तूप, उदबत्ती. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर बोटभर काजळी. मग मागचा पंखा सोडवला. पंख्याच्या कडेला बारीक बाण कोरलेला असतो, हवा कुठे जाणार ते सांगणारा. बाण आत बघत होता. दोन्ही पंखे हवा आत ओढत होते. बाहेर जायला वाटच नाही.

"काका, हा पंखा कोणी फिरवला?"

काका जमिनीकडे बघू लागले. "नव्या लोकांनी साहेबांचा फोटो हॉलमधून काढायला लावला. मग मी इथे आणला. तर ह्याची गरम वाफ सरळ साहेबांच्या तोंडावर! दिवा पण विझून जायचा. मग चार स्क्रू खोलून पलटवून दिला. बरं दिसतं का, कुंटेजी, तुम्हीच सांगा?"

मी काजळी पुसली, प्रोसेसरला उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, पंखा सुलटा केला. फोटो आणि निरांजन समोरच्या भिंतीलगतच्या कपाटावर, मशीनपासून चांगलं दहा फूट लांब. पावणेचारला कॉपी पुन्हा सुरू.

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. काकांनी श्वास रोखला. मीही. आकडा तिथे इतका वेळ थांबला की माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या त्या तेव्हाच.

बेचाळीस.

पावणेसहाला शंभर. सक्सेना मॅडमनी सर्व्हरवर चार फाइली उघडून बघितल्या. "काकाजी, कल से सर्व्हररूम में बैठना," म्हणाल्या आणि गेल्या. काकांनी टोपी काढून डोळे पुसले.

मी मशीन बंद केलं, प्लग काढला, वायर गुंडाळून हातात घेतली. सहज समोर बघितलं.

दहा फुटांवरची ज्योत मशीनकडे वाकली होती.

"काका," मी ज्योतीकडे बोट दाखवलं.

"साहेबांची आदतच होती," काका शांतपणे म्हणाले. "रात्री वॉर्डातले दिवे बंद करण्याआधी एकदा सगळ्या पेशंटांकडे वाकून बघायचे."

मी तिथून निघालो तो थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला घरी. तिथे पोचल्यावर कळलं, स्कूटर कंपूतच राहिली.

तेव्हापासून पंखा बसवताना मी आधी बाण बघतो. आणि मागे कोणाचा फोटो आहे, तेही.