जित्ता गोटा

"समुद्राकडे जाऊन राह्यले का?" लाखांदूरच्या एसटी स्टँडवर कुणी पिशवी घेऊन उभा दिसला, की आमचे विज्ञानाचे सर सायकल थांबवून हेच विचारायचे. माणूस बहुधा शेजारच्या दिघोरीला निघालेला असे. तरी पुढचं वाक्य ठरलेलं. "कधी गेले तं माह्यासाठी एक गोटा आणजा. जित्ता पायजे."

तुम्हाला हसू आलं असेल. आम्हालाही यायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो आणि शिक्षकांच्या खोलीत सरांची टर उडवण्यात माझा नंबर पहिला असे.

सरांना शाळेत खाऱ्या पाण्याची काचपेटी करायची होती. समुद्रातल्या दगडाच्या भोकाभोकांत बारीक जीव असतात, तो खाऱ्या पाण्यात ठेवला की ते हळूहळू बाहेर येतात, असं त्यांनी वाचलं होतं. मुंबईच्या एका दुकानदाराने पोस्टकार्डावर भाव कळवला. सरांनी तो दोनदा वाचला आणि कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं. तेव्हापासून फुकटच्या गोट्याचा शोध सुरू झाला.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. "ह्या पोरी उद्या धानाच्या रोवण्याले जातीन," ते म्हणायचे. "त्यायले समुद्र कोण दाखवते? मी जायच्या आधी त्यातला एक जीव तरी पाहू द्या."

पेटीत खडेमिठाचं पाणी तयार होतं. त्याचा खारेपणा ते डेअरीतून मागून आणलेल्या दूध तपासायच्या लॅक्टोमीटरने मोजत. रोज प्रार्थनेआधी सायकलच्या पंपाने त्या पाण्यात हवा भरत. पेटीत दुसरं काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी मेहुण्याच्या लग्नाला कोकणात गेलो. एका कोळ्याने खडकाचा तुकडा फुकट दिला, ओल्या गोणपाटात बांधून. दोन दिवसांच्या प्रवासात त्याच्या वासाने डब्यातले लोक माझ्यापासून दूर सरकले. घरी पोचलो तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. अंगणात गाठोडं सोडल्यावर बायको वाकून म्हणाली, "अवं, हे तं जित्तं हाये. हलून राह्यलं."

"घाल उकळतं पाणी," मी म्हणालो. "आधी वास जाऊ दे."

तिने घातलं. मग राखेने घासून तो दगड छपरावर वाळवला. चार दिवसांनी मी तो सरांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि "मास्तर, तुमचे उपकार झाले" म्हणाले. खरं सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नाही. मी चहा मागवला.

पावसाळाभर सर भिंग घेऊन पेटीपाशी बसत. पोरी विचारत, "सर, निंगालं का काही?" सर म्हणत, "दम धरा. घाबरलं असन." आम्हाला ह्या वाक्याने आठवडाभर पुरेल इतकं हसू मिळालं.

शेवटी मी आणि खेळाचे मास्तर, आम्ही दोघांनी पाणी साचलेल्या धानाच्या बांधीतून नखाएवढा खेकडा आणून मधल्या सुट्टीत पेटीत सोडला. सरांनी तो पाहिला आणि स्वतः जाऊन शाळेची घंटा वाजवली. सगळे वर्ग पेटीभोवती जमले. सर नुसतं बोट दाखवत होते. सातवीतली एक पोरगी पुढे वाकली.

"सर, हा तं आमच्या बांधीतला हाये. पायाले चिखल हाये अजून."

सगळी शाळा हसली. हेडमास्तर हसले, मीही पोट धरून हसलो. सरांनी खेकडा ओंजळीत घेतला, कुंपणापलीकडच्या बांधीत सोडला आणि पुढचा तास नेहमीसारखा घेतला.

शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे आले. खेकड्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"मास्तर, खरं सांगजा. तुमी आणला तवा गोटा जित्ता होता?"

"हो," मी म्हणालो.

"घरी पोचला तवाबी?"

"हो. हलत होतं काहीतरी."

सर बराच वेळ लॅक्टोमीटर पुसत उभे राहिले. "म्हणजे माह्याच पाण्यानं मेलं," ते म्हणाले. "एवढ्या लांबून जित्तं आलं होतं बिचारं."

मी छत्री घेतली आणि घरी निघालो. मार्चमध्ये सर निवृत्त होऊन गावी गेले आणि तीन वर्षांनी वारले. मी घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा घरात मासोळी पाळू देत नोते. माह्या हातून जीव वाचत नाही, म्हणत."