गाव बिनविरोध झालं

सुलाआत्या गेली हे मला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलं. मी भुकूमला राहते. सकाळची डब्यांची धांदल चालू होती. "आक्का गेली गं..." एवढंच म्हणाले. मागून आईचा आवाज आला, "तिला म्हनावं, चार घास खाऊन नीघ." पिरंगुट सोडून रिह्याच्या खोऱ्यात वळेपर्यंत मी रडले, आणि मग एकदम डोक्यात आलं की ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली आहे आणि आत्या नाही. आता दादांच्या विरोधात अर्ज कोण भरणार? सख्खी आत्या घरात निजवलेली असताना पोरीला निवडणूक आठवते, हे कुणाला सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं. पण आत्याला ओळखणाऱ्यांना ते कळेल.

आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. दादांनी धाकट्या भावाच्या मायेने तिला ओढ्याकाठची चांगली भातखाचरं दिली, ती तिने अखेरपर्यंत स्वतः कसली. बहीणभावांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे. आमच्या गावाला एक मोठा अभिमान होता, आजही आहे: गाव बिनविरोध! निवडणूक आली की चार कर्ती माणसं देवळात बसायची, कोणत्या वॉर्डातून कोण ते ठरवायची, बाकीच्यांनी हात जोडायचे. आमच्या वॉर्डातून अर्थातच दादा. भांडण नाही, तंटा नाही, पेपरात फोटो. अशा गावात एका वर्षी आत्या एकटीच एसटीने पौडला तहसील कचेरीत गेली आणि सख्ख्या भावाच्या विरोधात अर्ज भरून आली.

त्या दिवशी दादा ओसरीवर असे बसले होते की जणू घर जळालंय. "आक्का, तुला निवडून यायचंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग माझं काई चुकलं का?"

"तुजं काय न्हाई चुकलं. लोकास्नी मत द्यायचंय."

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. म्हनून तर भरला."

आत्या पडली, सपाटून पडली. मतमोजणीनंतर दादांना गुलाल लावायला सगळ्यांच्या आधी तीच पुढे झाली. म्हणाली, "आता तू निवडून आलास. इतके दिस तुला नुसता बसवला व्हता." तेव्हापासून दर निवडणुकीला हेच. दर वेळी अर्ज, दर वेळी पराभव, आणि दर वेळी तिनेच लावलेला गुलाल. गावाने तिला काय काय नाही म्हटलं! गावाची एकी मोडणारी, भावाच्या ताटात जेवून त्याच्यावर उलटणारी. ती खाचरात वाकलेली असायची, वाकूनच उत्तर द्यायची. "गप बसल्याली मानसं येका जागी बसवली म्हंजी येकी व्हती व्हय?"

तिच्यामुळे मतपेटी आली, मतपेटी आली म्हणून दादांना प्रथमच लोकांच्या दारात जावं लागलं. दारात गेले की लोक बोलायचेच. बौद्धवाडीला दोन उन्हाळे पाणी उशिरा पोचत होतं, ते दादांना तेव्हा कळलं. फार्महाउसवाल्यांनी वहिवाटीची पायवाट कुंपणात घातली होती, तेही तेव्हाच कळलं. माझ्या बापाला मी वाईट म्हणणार नाही. ऐकलं की ते काम करत. पण ऐकायला जावं लागेल अशी सोय आत्याने करून ठेवली होती. एकदा बौद्धवाडीतला एक पोरगेला मतदार हळूच तिला म्हणाला, "आत्या, आमी तुमालाच दिलं." तर ही त्याच्यावर खेकसली, "सांगू नगंस! आज मला सांगशील, उद्या दुसऱ्यालाबी सांगावं लागंल." लोकशाहीवर आपण केवढाली भाषणं ऐकतो... मला जे काही कळलं ते त्या खेकसण्यातून कळलं.

दिवाळीत भेटले तेव्हा ती थकली होती. म्हणाली, "या टायमाला दुसरं कुनीतरी हुभं ऱ्हाऊ दे. मी हाय तवर जित्त्या डोळ्यांनी बघंन." माझं नाव भुकूमच्या मतदारयादीत, माझा उपयोग नाही. उमेदवारीसाठी तिने पाचसहा घरं धरली होती. सगळे हो हो म्हणत होते आणि अंग काढून घेत होते.

मग दहावा. ओढ्याच्या घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर, खाली एक उतरेना. अशा वेळी मेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून मोठ्याने शब्द द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. कुणी म्हणालं खाचरं पडीक ठेवणार नाही, कुणी म्हणालं तिची गाय सांभाळू. कावळे ढिम्म. ऊन चढलं. तेव्हा दादा पुढे झाले, डोळ्यांतून धारा लागलेल्या, हात जोडून म्हणाले, "आक्का, तुज्या नावानं आमी सगळे येक व्हतो. गाव बिनविरोध करतो. भांडान मिटलं, आक्का!"

"दादा, हे नाही!" मी ओरडले. "तिची इच्छा ही नव्हती!"

आणि तेवढ्यात कावळा उतरला. शिवला.

सगळ्या घाटावर एक हुंदका फुटला. दादा माझ्याकडे वळून लहान मुलासारखे म्हणाले, "बघ, शिवला गं." आता कावळ्याशी कुणी वाद घालायचा? आयुष्यभर जिने गावाला विचारा, विचारा म्हणून सांगितलं, तिची संमती गावाने एका भुकेल्या कावळ्याकडून घेतली. त्यात कपट असतं तर मी भांडले असते. पण ते सगळे मनापासून रडत होते. दादांना खरंच वाटत होतं की बहिणीला सुटका दिली.

त्यानंतर मी आत्याने धरलेली ती घरं फिरले. एकेका दारात तेच उत्तर. "ताई, आत्याला दिल्याला सबूद मोडायचा व्हय?" आत्या जिवंत असताना तिला दिलेला शब्द यांना मोडता येत होता, ती मेल्यावर दिलेला कुणाला मोडवेना. बौद्धवाडीतला तो पोरगाही, आता दोन लेकरांचा बाप, मान खाली घालून म्हणाला, "समदं गाव येका बाजूला हाय. मी येकटा कसा?" अर्जाची मुदत संपली. मी इतकी हताश याआधी कधीच झाले नव्हते. आत्या गेली ती एकदा. आमच्या गावाने तिला घाटावर दुसऱ्यांदा पोचवलं, तेही हार घालून.

ज्या रविवारी मतदान व्हायचं होतं त्या रविवारी मी गावी होते. आईने सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "चल, शाळंपतुर जाऊन येऊ." मी म्हटलं, आई, आज तिथे मतदान नाही. "ठावं हाय मला," म्हणाली.

शाळेला कुलूप होतं. आई पायरीवर बसली. म्हणाली, "भाजी कंची करायची त्येबी या घरात मला कुनी इचारलं न्हाई. हितं मातर एकटीला सोडायचे आत. पुठ्ठ्याच्या आडुशाला कुनीबी न्हाई. तुजे वडीलबी भायेर थांबायचे."

मी विचारलं, "आई, तू दर वेळी कुणाला मत द्यायचीस?"

"त्ये कशाला सांगू तुला?" ती म्हणाली. मग पदर सारखा करत, आवाज उतरवून तिने मला विचारलं, "हुभं ऱ्हायाचं म्हंजी कचेरीत काय काय न्यावं लागतं गं?"

तिची पंचाहत्तरी उलटली आहे, आणि पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहे.