मुंबईला विचारलं आहे

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एखादी टाकून द्यायला घ्यावी तर नेमकी तीच उपयोगी पडते. आमच्या कॉलेजचे किस्से तसेच. आता आम्ही तिघं-चौघंच उरलोय. महिन्यातून एकदा जुळे सोलापुरात बिराजदार अण्णांच्या गॅलरीत बसतो, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "ते समुद्राचं सांगा की."

मग समुद्रापासूनच सुरुवात करते.

मी त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. काळ सत्तरच्या दशकातला. प्राचार्य होते हिरेमठ सर, आणि ऑफिस सांभाळायचे हेडक्लार्क बिराजदार अण्णा. काय शिकवायचं, कुठल्या भाषेत शिकवायचं, वर्गात किती डोकी हवीत, हे सगळं मुंबईत ठरायचं आणि सायक्लोस्टाइल केलेल्या, अर्धवट फिकट परिपत्रकांतून आमच्यापर्यंत यायचं. हिरेमठ सर ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचायचे, आम्ही सह्या करायचो, अण्णा उत्तर पाठवायचे. परिपत्रक आलं की उत्तर गेलंच पाहिजे, हे अण्णांचं व्रत होतं. आणि आम्ही काहीही मागितलं, मग तो नवा फळा असो की पंखा, अण्णांचं उत्तर ठरलेलं, "मुंबईला विचारलं आहे."

तर एकदा कुठल्याशा खात्याचं एक परिपत्रक चुकून आमच्याकडे आलं. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांकडून जवळच्या समुद्रकिनाऱ्याची पाहणी करून घ्यावी आणि अहवाल सादर करावा.

स्टाफरूम हसून बेजार. सोलापुरात नळाला पाणी आलं तरी लोक एकमेकांना हाका मारून सांगायचे, आणि इथे समुद्र! "फाइलला लावून टाका," असं मी म्हटलं. अण्णा म्हणाले, "मॅडम, उत्तर जायला पाहिजे." आणि गेलं. त्याची कार्बन कॉपी त्यांनी अजून जपून ठेवलीय.

'सदर महाविद्यालयास रेल्वेने सर्वांत जवळचा समुद्र मुंबई येथे, आपल्या कार्यालयाच्या खिडकीखाली आहे. तरी पाहणी आपल्या स्तरावर व्हावी, ही विनंती.'

*

दुसरं झाडांचं. प्रत्येक महाविद्यालयाने आवारात शंभर झाडे लावावीत, असा आदेश आला. दुष्काळ नुकता सरत होता. सांगोल्याकडची आमची मुलं सुट्टीत गावी जाऊन टँकरमागे पळत होती, आणि आम्ही इथे खड्डे खणत होतो. शंभर रोपं लावली. हिरेमठ सरांनी स्वतः बादलीनं पाणी घातलं.

मार्चमध्ये अहवाल मागवला. तोवर रोपांचं जे व्हायचं ते झालं होतं. ऑफिसच्या मागचा एक कडुनिंब तेवढा तगला होता, तोही अण्णा रोज हात तिथं धुवायचे म्हणून. सर काळजीत पडले. "एनप्पा बिराजदार, आता काय लिहिणार?" त्यांना वैताग आला की ते कानडीत शिरायचे.

अण्णांनी लिहिलं, 'शंभर झाडे लावण्यात आली. जगली काय, असे परिपत्रकात विचारलेले नाही.'

*

पण मला खरं सांगायचंय ते सकाळच्या वर्गाबद्दल.

मागांवर काम करणाऱ्या लोकांना शिकता यावं म्हणून हिरेमठ सरांनी सकाळी सात ते दहा असा बी.ए.चा वर्ग सुरू केला होता. त्याला मुंबईची परवानगी होती, पण 'तात्पुरती'. दर वर्षी ती नव्यानं मागावी लागायची. वर्गात सव्वीस जण होते. सगळ्यांत पुढे बसायचा नरसय्या. वय बत्तीस, मातृभाषा तेलुगू, चादरीच्या कारखान्यात रात्रपाळी. केसांत कापसाची धूळ घेऊनच यायचा. पदवी घेऊन त्याला त्यांच्या गल्लीतल्या तेलुगू शाळेत शिकवायचं होतं. एवढंच. हे तो इतक्या साधेपणानं सांगायचा की त्याला नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे.

रात्रभर जागून आलेली माणसं ती, वर्गात झोपायचीच. आमचे फिजिक्सचे शेटे सर सकाळी इंग्रजीचे दोन तास घ्यायचे, म्हणजे घ्यायला लावले होते. त्यांनी एकदा प्रश्न काढला, झोपलेला विद्यार्थी हजर लावायचा की गैरहजर? नियमात पंचाहत्तर टक्के हजेरी होती, झोपेचं काही नव्हतं. अण्णांनी अर्थातच मुंबईला विचारलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं, 'नियमानुसार कार्यवाही करावी.'

तेव्हा हिरेमठ सरांनीच निकाल दिला. "घोरत असेल तर हजर लावा. आवाज येतोय म्हणजे माणूस आहेच की."

मी नरसय्याला म्हटलं, "अहो, इतके दमून येता, एखाद दिवस घरी झोपत जा." त्याला ते पटेना. "न्हाय मॅडम. आमच्यात खाडा पडू देत न्हाईत. आपुन न्हाय तर आपला बदली जातो. माग बंद पडाय नको."

मग कारखान्याची रीत त्यानं मला समजावून सांगितली. कामगार येऊ शकला नाही की त्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली. आज आहे, उद्या नाही. हजेरीपुस्तकात ज्याचं स्वतःचं नाव लागतं तो कायम. "मी सा वर्सं बदली व्हतो," तो म्हणाला. "कायम झालो त्या दिवशी घरी गोड केलं हुतं."

*

मग मराठी माध्यमाची परवानगी आली. मी खूश झाले, आणि दुसऱ्याच दिवशी घाबरले. मी स्वतः सगळं इंग्रजीत शिकलेली. परिभाषेची नवी यादी समोर ठेवून रात्री तयारी केली आणि सकाळी 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' खणखणीत मराठीत सांगितला. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. जे एरवी झोपायचे तेही जागे होते, इतकं ते कठीण झालं होतं.

शेवटी यादी मिटली आणि म्हटलं, "पाळी संपल्यावर पहिला चहा कसा लागतो?"

"लई भारी."

"लगेच दुसरा दिला तर?"

"बरा."

"तिसरा?"

"नको वाटतो."

"झालं. हाच तो सिद्धांत."

नरसय्या म्हणाला, "मॅडम, हे तर आमाला येतच हुतं की. ह्याला नाव हाय ते म्हाईत न्हवतं."

मी वीस-पंचवीस वर्षं शिकवलं. माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या मला कुणी सांगितली नाही.

*

शेटे सरांच्या लग्नाचं राहिलंच. शिक्षणाचा आकृतिबंध बदलायचं ठरलं, दहा अधिक दोन अधिक तीन. अकरावी-बारावी शाळेत जाणार की कॉलेजात राहणार, कोण सरप्लस होणार, रोज नवी अफवा. शेटे सरांचं लग्न तेव्हा जेऊरला जवळजवळ ठरलं होतं. मुलीचे वडील धोरणी. ते म्हणाले, "अकरावीला शिकवायला लागला तर जावई मास्तर झाला की हो. आम्ही प्राध्यापकाला होकार दिला होता. शासनाचा निर्णय येऊ द्या, मग बघू."

शेटे सर रोज सकाळी ऑफिसात डोकवायचे. "अण्णा, टपाल?" अण्णा मान हलवायचे. चार महिने गेले. सर वाळून अर्धे झाले. त्यांचं लग्न मंत्र्यांच्या सहीवर अडकलंय म्हणून आम्ही चिडवायचो, पण आतून वाईट वाटायचं.

एक दिवस टपालात निर्णय आला, पण मुंबईचा नाही. जेऊरचं पोस्टकार्ड. मुलीनंच लिहिलं होतं, 'शासनाचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो. माझा झाला आहे.'

अण्णांनी त्यावर आवकचा शिक्का मारला आणि मगच ते शेटे सरांच्या हातात दिलं.

*

त्याच गडबडीत सकाळच्या वर्गाचं पत्र आलं. नव्या रचनेत तात्पुरत्या वर्गांची छाननी होणार होती. मुंबईहून साहेब येऊन समक्ष हजेरी तपासणार, आणि ती समाधानकारक नसेल तर वर्ग जूनपासून बंद. नरसय्या तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. वर्ग बंद म्हणजे त्याचं शिक्षण तिथंच संपलं, दिवसाचं कॉलेज त्याला जमणार नव्हतं. मी वर्गाला पत्र वाचून दाखवलं. "त्या दिवशी कुणीही खाडा करू नका," एवढंच सांगितलं.

आणि तपासणीच्या आठवड्यातच वीजकपात आली. वेगळं खातं, वेगळा हुकूम. मागांना वीज सकाळी सहा ते दुपारी दोन, बाकी वेळ बंद. म्हणजे आमचे सव्वीसच्या सव्वीस विद्यार्थी ऐन वर्गाच्या वेळी कारखान्यात. हिरेमठ सरांनी तारीख बदलून मागायला मुंबईला तार केली. उत्तर आलं नाही.

त्या सकाळी मी पावणेसातला कॉलेजात गेले ती रिकाम्या बाकांसमोर उभं राहायची तयारी करूनच. दारातून पाहिलं तर वर्ग भरलेला.

पण त्यात माझा एकही विद्यार्थी नव्हता. नऊवारीतल्या बायका, टोपीवाले दोन म्हातारे, मांडीवर लेकरू घेतलेली एक सून. नरसय्याच्या जागी एक बाई त्याची वही उघडून ताठ बसली होती.

"तुम्ही कोण?"

"अंबुबाई. नरसय्याची मंडळी." ती उभी राहिली. "त्यास्नी पाळीला जावं लागलं. खाडा पडला तर वर्ग बंद हुतोय म्हनं. म्हनून मी बदली आले." मग मागे हात करून म्हणाली, "समदे बदलीच हायेत, मॅडम. सव्वीसच्या सव्वीस. मोजून आणलेत."

हसावं की रडावं कळेना, आणि तेवढ्यात साहेब आणि हिरेमठ सर दारात. सरांनी वर्ग पाहिला आणि रुमाल काढून कपाळ पुसलं.

साहेबांनी हजेरीपुस्तक मागितलं आणि स्वतः नावं पुकारली. पहिलंच नरसय्याचं.

अंबुबाई उभी राहिली. "हजर. बदली."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. दुसरं नाव घेतलं. एक म्हातारा बाकाला धरून उठला. "हजर. ल्योकाचा बदली." तिसरं. "हजर. दिराची बदली." साहेब सव्वीसच्या सव्वीस नावं पुकारत गेले. एकदाही त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

सर खुलासा करायला पुढे झाले. साहेबांनी हातानंच थांबा म्हटलं आणि मला विचारलं, "आज काय शिकवणार होता?"

"उजळणी. घटती सीमांत उपयोगिता."

साहेब अंबुबाईकडे वळले. "तुम्हाला माहीत आहे ही?"

"हाय की." ती वहीत न बघता सांगू लागली. "उन्हातनं आलं की पयला तांब्या गोड लागतो. दुसरा बरा. तिसरा जात न्हाय. चौथा झाडाला घालावा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. अण्णा त्यांच्या कडुनिंबापाशी उभे राहून ऐकत होते.

"हे कुठं शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"घरी. हे मोठ्यांदा पाठ करत्यात, मी तंबाकूच्या इड्या वळत ऐकते. मी बी मॅट्रिक हाय, सायेब. ह्यास्नी म्हाईत हाय, माजे मार्क त्यांच्यापरीस बारा जास्त हुते."

साहेब तासभर बसले. मी शिकवलं आणि सव्वीस बदल्यांनी ते मन लावून ऐकलं. एकजणही झोपला नाही. जाताना साहेबांनी भेटपुस्तकात बराच वेळ काहीतरी लिहिलं, ते मिटून सरांच्या हाती दिलं आणि स्टेशनला निघून गेले. अण्णांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं.

'हजेरी पूर्ण. विद्यार्थ्यांच्या घरीही वर्ग चालू असल्याचे आढळले. हा वर्ग कायम करण्यास हरकत नाही.'

हिरेमठ सरांनी भेटपुस्तक मागून घेतलं आणि ते स्वतः पुन्हा एकदा वाचलं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. पहिल्याच दिवशी अण्णांच्या खिडकीसमोर अंबुबाई उभी, हातात भरलेला फॉर्म आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट. अण्णांनी चष्मा वर केला.

"काय वहिनी, आजही नरसय्याच्या बदली का?"

"न्हाय अण्णा," ती म्हणाली आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला. "कायम."