बदकाची अंडी आणि सासऱ्यांची घाई

माझ्या सासऱ्यांना कोंबड्यांतलं सगळं कळतं. हे मी नाही म्हणत, तेच म्हणतात, उठता-बसता म्हणतात. गावाकडं होते तोवर त्यांच्या अंगणभर कोंबड्या असायच्या. आता सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या आमच्या दोन खोल्यांत, एकच उरलीय. ती खुडूक झाली, जागची उठेचना, तेव्हा उजनीच्या काठाला राहणाऱ्या माझ्या भावानं बदकाची पाच अंडी आणून दिली. "घाल हिच्याखाली. पण ध्यानात ठेव ताई, कोंबडीच्या अंड्याला तीन आठवडे लागतात, बदकाच्या चार."

मी ध्यानात ठेवलं. घरात सगळ्यांना सांगितलंही. सासरे हसले. "अंडं ते अंडं. मला शिकवती व्हय?" नवऱ्यानं मोबाइलमधनं मान वर न काढता "बरं" म्हटलं.

बदकाच्या अंड्यांना ओल लागते, म्हणून मी त्यांच्यावरनं रोज ओला हात फिरवायचे. आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं त्या चुळकाभर पाण्यावरनंही टोमणे खाल्ले. खाल्ले तर खाल्ले! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या घरात कुणाला न विचारता केलेली माझी ही पहिली गोष्ट होती. ती पिल्लं मला हवी होती.

तीन आठवडे झाले आणि सासऱ्यांची चुळबूळ सुरू झाली. अंडं उचलायचं, कानाशी धरून हलवायचं आणि "नासलं की हे" म्हणायचं. "मामा, हलवू नका, अजून आठवडा हाय," मी म्हणायचे. एकदा नाही, रोज. कोंबडीला कुणी हिशेब शिकवला नव्हता, ती आपली बसून होती.

एक दिवस टॉवेलच्या कारखान्यातनं घरी आले तर मोरीत टरफलं पडलेली. तीन अंडी फोडलेली. आत पिल्लं होती, चोच, पाय, सगळं आलेलं. एकाची मान हलत होती. मी त्याला पदरात घेतलं. ते माझ्या हातातच थंड पडलं.

"एक फोडलं तर कच्चं निघालं," सासरे अगदी शांतपणे सांगत होते. "म्हटलं कोंबडी नीट बसली नसंल. म्हणून दुसरं बघितलं. मग तिसरं."

"पहिल्यात पिल्लू दिसलं तरी दुसरं फोडलं?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की गल्लीतली दारं उघडली. नवरा म्हणाला, "गप की, अंडीच हायत." मग मला गप करायला त्यानंच माझ्या भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला. भाऊ पलीकडनं म्हणाला, "मामा, बदकाला चार आठवडे लागतात."

"असं व्हय!" सासरे म्हणाले. "मग आधी सांगायचं की."

इतके दिवस मी काय भिंतीशी बोलत होते? तेच शब्द, तेवढेच आठवडे. एक गडी फोनवर बोलला आणि लगेच पटलं!

उरलेली दोन अंडी मी कोंबडीसकट आतल्या खोलीत नेली, बाहेरनं कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन कामाला जाऊ लागले. "घरातल्या घरात कुलूप?" सासऱ्यांनी विचारलं. "व्हय, कुलूप," मी म्हटलं.

दोन्ही अंड्यांतनं पिल्लं निघाली. पिवळी, ओली, पायांत पाय अडकणारी. बघायला शेजारीण आली, तर सासरे खुर्ची ओढून तिला सांगायला बसले, "बदकाचं कोंबडीसारखं नसतंय बाई. चार आठवडं लागत्यात. लोकांना दम निघत न्हाय."

शेजारीण कौतुकानं माझ्याकडं वळली. "बरं झालं बाई, घरात जाणतं माणूस हाय."

"मामा," मी म्हटलं, "मोरीतल्या तीन पिल्लांचंबी सांगा की ह्यांना."

त्यांनी मान खाली घातली. मी दारातनं हलले नाही. शेजारीण एकदा त्यांच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं.

"सांगा की," मी म्हटलं.