अडखळली म्हणजे नवा धडा

मटारच्या दिवसांत सकाळी गोहलपुरच्या नाक्यावर शेंगा तोडणाऱ्या मजुरांची पिकअप लागते. मी तिथेच रिछाईच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ऑटोची वाट पाहतो. बालाघाटकडून आलेली ती बाई रोज दिसायची. मफलरवर पदर, बोटाला मुलगी, आणि डब्याच्या पिशवीत तिचं तिसरीचं पुस्तक.

या हिंदी मुलखात तिनं एकदा मला फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकलं, आणि कामाला लावलं. "भैया, पोरगी बरोबर वाचून राहिली का, पाहा जरा. दोन महिने शाळा सुटली. गावी गेल्यावर गुरुजी मागच्या वर्गात बसवतील."

पोरगी घडाघडा वाचायची. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. साहेबासारखी मान हलवून म्हणायचो, "एकदम बरोबर!"

पाचव्या दिवशी बाई हसली. "भैया, पाच दिवसांपासून एकच धडा वाचून राहिली ते. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाही जी. पण ते कुठंच अडखळत नाही. नव्या वावरात पाय अडखळतेच ना!"

पोरीनं तोंड वाकडं करून पान उलटलं आणि पहिल्याच ओळीत अडकली. मी सांगणार, तोच बाईनं हातानं थांबवलं. "राहू द्या. अडकू द्या तिले."

पिकअप सुटली तेव्हाही पोरगी त्याच ओळीवर होती. आणि तिच्या आईचा चेहरा असा खुलला होता, जसा माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा माझ्या आईचा.